पाच ते सात

नवा राउटर निवडायला मुख्याध्यापकांना अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत घरात दुसरा विषय निघाला नाही. चौदा राउटरांचा त्यांनी रीतसर तक्ता केला होता. वेग, पल्ला, हमी, वर्तणूक असे रकाने पाडून प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिले होते. तीन राउटर तर नापासच केले. त्यांची बायको दातांची डॉक्टर. दवाखान्यात निघताना ती रोज विचारायची, "लागला का निकाल?"

"घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते," ते म्हणायचे.

शेवटी पहिला नंबर ज्याचा आला, तो वेगामुळे आला नव्हता. त्या राउटरमध्ये 'पालक नियंत्रण' होतं. कुठल्या मुलाचं इंटरनेट किती वाजता बंद करायचं हे पालकाने एकदा ठरवून दिलं, की पुढे तो राउटर डोळ्यांत तेल घालून पहारा देणार. दहावीतल्या मुलीच्या हाताला टॅब चिकटला होता, तो सोडवायला मुख्याध्यापकांना असाच एक कडक शिपाई हवा होता.

शिवाय शनिवारी त्यांची परीक्षा होती. संस्थेच्या सात शाळांमधल्या चारशे पालकांना ते घरातून ऑनलाइन व्याख्यान देणार होते. विषय, 'मुलं आणि मोबाईल: लगाम कुणाच्या हाती?' संस्थेचे अध्यक्ष स्वतः ऐकणार होते. व्याख्यान रंगलं तर सातही शाळांचं संचालकपद मुख्याध्यापकांकडे येणार, हे अध्यक्षांनी जवळजवळ कबूल केलं होतं. अठ्ठावीस वर्षं खडू झिजवल्यावर आलेली ही एकच संधी होती आणि जुना राउटर दर पाच मिनिटांनी मान टाकत होता. घरात मोबाईलची रेंजही मेसेज येण्यापुरतीच असे, त्यावर इंटरनेट चालवायला गल्लीच्या तोंडाशी जावं लागायचं.

शनिवारी दुपारी राउटर जोडायला घेतला आणि पहिली अडचण आली. इंटरनेट आबांच्या नावावर होतं. आबा म्हणजे मुख्याध्यापकांचे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. तेहतीस वर्षं टपाल खात्यात रजिस्टर पत्रं सांभाळलेला माणूस. सध्या ते मुलाच्या शिस्तीत राहत होते. चहात साखर बंद, टीव्ही नऊला बंद आणि आभाळ कोसळलं तरी पाच वाजता बागेत फेरी.

"आबा, तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल. सांगा बरं."

"आलाय."

"मग सांगा ना."

"नाही सांगणार."

"का?"

"ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पोटच्या पोराने मागितला तरी नाही. तूच बजावलंयस. तो बघ, कागद चिकटवून ठेवलायस."

भिंतीवर खरोखरच कागद होता. अक्षर मुख्याध्यापकांचं होतं आणि 'पोटच्या पोराने' या शब्दांखाली दोन रेघा होत्या. आपल्याच विद्यार्थ्याने आपल्यालाच पेचात पकडावं तसं त्यांचं झालं. अर्धा तास समजावूनही आबा बधले नाहीत. अखेर तडजोड अशी ठरली, की सगळं आबा स्वतः आपल्या फोनवर भरणार आणि मुख्याध्यापक खिडकीकडे तोंड करून नुसतं सांगणार.

"घरात कोण कोण आहे विचारतंय," आबा म्हणाले.

"सगळ्यांची नावं आणि नाती भरा. खरं तेच भरा, फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही."

"मी कधी लिहिलंय? बरं, आता कुणाचं कुठलं यंत्र ते विचारतंय."

"लॅपटॉप आणि काळा फोन माझा, टॅब तिचा."

"लिहिलं. आता मुलांसाठी वेळेचा नियम म्हणतंय."

मुख्याध्यापकांची छाती फुगली. "पाच ते सात बंद! अभ्यासाची वेळ. आजपासूनच."

"आजपासून? बघ हं."

"त्यात बघायचंय काय? मुलं रडतील, पाया पडतील, पालकाने विरघळायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"तू म्हणशील तसं," आबा म्हणाले आणि त्यांनी बोटाने काहीतरी दाबलं. राउटरवर हिरवा दिवा लागला.

व्याख्यानाच्या वेळी घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी, असा हुकूम होता. मुलीची मैत्रिणीकडे रवानगी झाली, बायको दवाखान्यात गेली, आबांना साडेचारलाच बागेत पिटाळलं. पावणेपाचला अध्यक्षांनी सरांची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि ती दहा मिनिटं चालली. मग मुख्याध्यापक बोलू लागले. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. तीनच मिनिटांत त्यांनी सूर पकडला.

"पालकहो, एक लक्षात ठेवा. नियम मोडण्याचं धाडस मुलांना होतं, कारण..."

घड्याळात पाच वाजले आणि पडद्यावरचे चारशे पालक नाहीसे झाले. त्यांच्या जागी हात हलवणारा एक गुबगुबीत ससा आला. सशाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अभ्यासाची वेळ सुरू झाली! जास्त वेळ हवा असेल तर आपल्या पालकांना विनंती कर.'

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ससा होता तिथेच होता. त्यांनी फोन उचलला, तर फोनवरही तोच ससा. काही सुचेना, तेव्हा त्यांनी सशाखालचं 'विनंती पाठव' हे बटण दाबलं.

'तुझी विनंती पालकांकडे पोचली आहे,' ससा म्हणाला. 'तोवर एखादं छानसं पुस्तक वाच.'

"अरे, पालक मी आहे!" मुख्याध्यापक रिकाम्या घरात ओरडले. मग विनंती पोचली कुणाकडे? त्यांना दुपार आठवली, खिडकी आठवली, पाठीमागे फोनवर फिरणारं आबांचं बोट आठवलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर कोट, खाली घरातला लेंगा आणि एका पायात चप्पल अशा अवताराने ते जिना उतरले.

बागेतल्या बाकावर आबा बसले होते. एका बाजूला त्यांचे मित्र शिंपीकाका, दुसऱ्या बाजूला बसचे निवृत्त ड्रायव्हर. तिघेही आबांच्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मुलाचं व्याख्यान मित्रांना ऐकवावं म्हणून आबांनी सुनेकडून लिंक मागून घेतली होती. बागेत रेंज फक्कड होती.

"आलास? तू अडकलायस," आबा म्हणाले. "हे बघ, तोंड उघडं ठेवून."

फोनवर मुख्याध्यापकांचा चेहरा 'कारण'वर आ वासून थिजलेला होता.

"आबा, फॉर्ममध्ये तुम्ही मला कुठे टाकलंत?"

"मुलांमध्ये."

"मुलांमध्ये?"

"नातं विचारलं, मी 'मुलगा' लिहिलं. खोटं लिहू?"

"आणि ती? तिचा टॅब?"

"ती नात. नातवंडं आणि सुना 'इतर मंडळी'त जातात. त्यांना वेळेचं बंधन नाही."

"म्हणजे पाच ते सात फक्त..."

"तू एकटाच. दुसरा मुलगा मला झालाच नाही, त्याला मी काय करू?"

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. अकरा दिवस खपून त्यांनी कडक शिपाई निवडला होता आणि शिपायाने पहिल्याच दिवशी त्यांनाच वर्गाबाहेर उभं केलं होतं. "आबा, माझी विनंती आली असेल ना? आधी मंजूर दाबा!"

"आलीय. पण जास्त वेळ कशाला हवाय?"

"कशाला काय! चारशे माणसं खोळंबलीत!"

"आवाज चढवू नकोस. पालकाने चौकशी करायला नको?"

"द्या हो पंधरा मिनिटं," शिंपीकाका कळवळले. "पोर रडकुंडीला आलंय."

"अजिबात देऊ नका," ड्रायव्हर म्हणाले. "आज दिलीत की उद्या तासभर मागेल."

"आबा, पाया पडतो तुमच्या!"

"तेही तू दुपारी सांगितलं होतंस. पाया पडतील, विरघळायचं नाही."

मुख्याध्यापकांचा बांध फुटला. "टीव्ही अकरापर्यंत बघा! चहात दोन चमचे साखर घाला! फेरीला जाऊ नका! तुम्ही म्हणाल ते ऐकतो, पण एवढं एक बटण दाबा हो!"

तेवढ्यात आबांच्या हातातून अध्यक्षांचा आवाज आला. "सर, तुमच्या वडिलांचा माइक चालू आहे. आम्हाला सगळं ऐकू येतंय."

मुख्याध्यापक जागच्या जागी थिजले. संचालकपद डोळ्यांसमोरून गेलं. आता मुख्याध्यापकपद तरी राहतं की नाही, असं त्यांना वाटलं. मग फोनमधून एका आईचा ठसकेबाज आवाज आला, "आजोबा, दाबू नका हां!" त्यापाठोपाठ चारशे घरांतलं हसू एकदमच बाहेर पडलं.

आबांनी बटण दाबलं नाही. त्यांनी मुलाला बाकावर बसवलं, धाप ओसरू दिली आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बोल आता. माणसं थांबलीत."

व्याख्यानाची टिपणं घरी होती आणि डोक्यात होतं नव्हतं ते सगळं वाटेत सांडलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकहो, गेली सात वर्षं मी या माणसाचा टीव्ही नऊला बंद करतोय. तुम्हाला चालेल का, असं एकदाही विचारलं नाही. आज तीच वेळ माझ्यावर आली, तर मला पाच मिनिटंसुद्धा सोसलं नाही. मला लाज वाटतेय. मुलीला विचारायचंही राहिलंच आहे. आज घरी गेलो की आधी ते करतो. याहून जास्त मला काही सांगता येणार नाही."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष खाकरले. "माझेही वडील घरी आहेत. त्यांचा रेडिओ मी माळ्यावर टाकलाय," ते म्हणाले. "सर, सोमवारी ऑफिसात या. संचालकपदाचं पत्र तयार ठेवतो. मी आता जरा माळ्यावर चढतो."

घरी आल्यावर मुलगी हसून हसून लोळली. मग डोळे पुसत तिने आबांना दाखवलं, "सोपं आहे. इथे दाबा, म्हणजे बाबा यादीतून निघतील."

आबांनी दाबलं. फोनने काहीतरी विचारलं. आबांनी चष्मा सावरला आणि सावकाश वाचून दाखवलं, "'काढल्यास तुमच्या यादीत एकही मूल उरणार नाही. पुढे जायचं?'"

त्यांचं बोट तसंच राहिलं. मुख्याध्यापकांचं वय चोपन्न होतं. शाळेत सर, घरात बाबा, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचे मिस्टर. आपलं नाव अजून मुलांच्या यादीत ठेवू शकेल असा जगात एकच माणूस उरलाय, हे त्यांच्या एकाएकी लक्षात आलं.

"राहू द्या, आबा," ते म्हणाले. "फक्त पाच ते सहा करा."

"साडेसहा," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ससा आला. मुख्याध्यापकांनी निमूटपणे लॅपटॉप मिटला आणि आबांबरोबर फेरीला निघाले. बाकाजवळ शिंपीकाका त्यांचीच वाट बघत उभे होते. त्यांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं आणि आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं,

"सर, मला तीन मुलगे आहेत. एका राउटरमध्ये भागेल, की प्रत्येकाला वेगळा घ्यावा लागेल?"