सातवीची हळदमोहीम आणि उपरण्यावरील पाच तांबडे डाग

श्रीगंगा प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, मुक्काम श्रीक्षेत्र काशी. घाटापासून सत्तावीस पायऱ्या वर, दोन म्हशी समोरासमोर आल्यास वाहतूक खोळंबते ऐशा गल्लीत, महाराष्ट्र मंडळींची जी जुनी शाळा, तेथे इयत्ता सातवी आणि रसायनशास्त्र यांची जी तुंबळ लढाई जाहली आणि त्यात खाशांचे उपरणे कामास आले, त्याची हकीकत कोणी पदरचे तिखटमीठ लावून सांगतात, कोणी भिडेखातर गाळून सांगतात. सबब घडले तैसे लिहिले असे. वाचणारांनी हसू येईल तेथे हसावे, मात्र हेडमास्तरांचे समोर हसो नये.

तर या मुलखी विज्ञानाची सुभेदारी निवेदिताबाईंकडे होती. वय बत्तीस, कद ठेंगणा, आवाज नौबतीचा. माहेर आणि सासर दोन्ही काशीतलेच, म्हणोन घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ऐशा दोन तलवारी कमरेस. परंतु नेमणूक कच्ची. दर साल मार्चात नवी सनद हाती पडावी तेव्हा पुढील सालची भाकर.

सातवीचे लष्कर सत्तेचाळीस. अम्ल निळ्या लिटमसला लाल करते, हे वाक्य ते लष्कर आरतीचे चालीवर म्हणे आणि टाळ्याही धरी. परंतु लिटमस डोळ्यांनी कोणी पाहिला नव्हता. तो कोणी फिरंगी सरदार असावा आणि त्याने निळ्यांचा पाडाव केला असावा, ऐसा अर्ध्या वर्गाचा पक्का समज. वर्गाचा नायक सुश्रुत याने तर चाचणीत "लिटमस का जन्म कहाँ हुआ" हा प्रश्नच आपल्या मनाने घातला आणि उत्तरही लिहिले. तो पेपर वाचून बाई प्रथम हसल्या, मग रडकुंडीस आल्या, आणि मग त्यांनी मनाशी मसलत केली की, पोरांचे कान पुष्कळ शिकले, आता हात शिकले पाहिजेत.

हेडमास्तर दिनानाथपंत हे या दौलतीचे धनी. सफेद धोतर, सफेद कुडता, खांद्यावर सफेद उपरणे, आणि स्वभावही तैसाच, कशाचा डाग न सोसणारा. विद्यार्थ्याने हात बाकावर ठेवावे आणि विद्या कानाने घ्यावी, हा त्यांचा कुळाचार. बाईंनी अर्ज गुदरला. पंतांनी चार दिवस तो पेपरवेटखाली कैदेत ठेविला आणि मग फर्मान दिले की, प्रयोग करावे, परंतु भिंतीस अगर मनुष्यास एक डाग जरी पडला तरी मोहीम बरखास्त आणि बाईंच्या सनदेचा फेरविचार. बाईंनी हुकूम शिरी धरिला आणि वर्गात येऊन सांगितले, "उद्या प्रत्येकाने घरून एक आंबट आणि एक बुळबुळीत वस्तू आणायची. भाऊ-बहीण चालणार नाहीत."

दुसरे दिवशी रसद आली. लिंबे आली, चिंच आली, दही आले ते निम्मे दप्तरात सांडोन आले. कपडे धुण्याचा साबण आला, खाण्याचा सोडा आला. बकुळ नामे मुलगी शेवटल्या बाकावर बसे, जूनपासोन तिचे तोंडून हजेरीवाचून शब्द निघाला नव्हता, तिने घराखालील पानवाल्याकडून चुन्याची डबी आणिली. चुना डोळ्यास वाईट, म्हणोन ती डबी बाईंनी आपले मेजावर चौकीपहाऱ्यात ठेविली आणि काडीने आपणच वापरावी ऐसा बंदोबस्त केला. मग कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांस हळदीचे पाणी लाविले, उन्हात वाळविल्या आणि एकेकाचे हाती एकेक पट्टी देऊन युद्धास तोंड लाविले.

प्रथम लिंबू. कागद पिवळाच राहिला. सत्तेचाळीस तोंडे उतरली.

"मैडम, ये तो कुछ हुआ ही नहीं," सुश्रुत म्हणाला.

"काही झालं नाही, हेसुद्धा वहीत लिही," बाई म्हणाल्या. "आता साबण."

साबणाचे पाणी लागताच कागद रक्तासारखा तांबडा जाहला आणि ऐसा हलकल्लोळ उडाला की, घाटावरील कबुतरे उठोन रामनगरचे दिशेने गेली. सोड्याने तांबडा, चुन्याने तर गर्द तांबडा. त्या गर्दीत बकुळने, कोणी न सांगता, आपले तांबड्या कागदावर लिंबू पिळले, आणि कागद पुन्हा पिवळा जाहला.

"लौट आया!" ती ओरडली. "मैडम, लौट आया, परत आला!"

अवघा वर्ग मागे वळोन पाहू लागला, की हा आवाज कोणाचा. बाईंनी खडू शोधण्याचे निमित्ताने फळ्याकडे तोंड फिरविले, कारण डोळे भरले होते आणि सेनापतीने ते दाखवू नयेत.

ऐसा विजय पदरी असता दुपारी अरिष्ट आले. मधल्या सुटीत पंतांचे हातून उपरण्यावर चहा सांडला. त्यांनी ते नीलकंठ शिपायास धुण्यास दिले. त्याने साबण लाविला, परंतु पाणी मार्गशीर्षातले, बोटे गोठावी ऐसे, सबब एकदाच बुडवोन पिळले आणि सातवीचे वर्गासमोर व्हरांड्यातील दोरीस टांगिले. घटकाभराने पंत आले तो चहा गेलेला, आणि उपरण्याचे टोकास पाच तांबडे डाग. पंतांनी वर्गात पाहिले तो मेजावर तांबड्या कागदांचा ढीग. दारात पाहिले तो बाईंनी झाकण लावोन परत दिलेली चुन्याची डबी हाती घेऊन बकुळ उभी.

"किसने किया?"

"हमने नहीं, सर," बकुळ म्हणाली.

पंतांनी तेथेच कागद मागविला आणि तीन कलमे लिहिली, ती ऐशी की, बकुळने तीन रोज शाळेत येऊ नये आणि येताना पालक आणावे, सातवीचे प्रयोग आजपासोन बंद, आणि निवेदिताबाईंनी खुलासा लेखी द्यावा. कागद बकुळचे हाती दिला. बकुळ रडली नाही. तिने डबी दप्तरात टाकिली, शेवटल्या बाकावर जाऊन बसली आणि जूनपासोन होते तैसे तोंड पुन्हा मिटले. सनद जाईल याचे भय बाईंस होतेच, परंतु त्या मिटलेल्या तोंडापुढे सनद काहीच नाही.

बाई तडक नीलकंठाकडे गेल्या. "भैया, साबुन लगाया था?"

"लगाया था, मैडम. लेकिन पानी एकदम बरफ था, निकाला कम." मग जरा थांबोन, "कोने में कुछ पीला-पीला था, हमने सोचा चाय होगी."

बाईंस डागांचे कोडे उलगडले. हे आपणच पंतांस सांगावे, की वर्गाने सांगावे? आपण सांगितले तर तो बाईंचा खुलासा, वर्गाने सिद्ध केले तर तो वर्गाचा विजय. बाई पंतांचे खोलीत गेल्या.

"सर, शिक्षा करा, पण आधी दहा मिनिटं द्या. व्हरांड्यात. उपरण्यासकट."

"निवेदिताबाई, अजून काही शिल्लक आहे का त्याचं?"

"त्याचंच तर बघायचंय."

मग व्हरांड्यात दरबार भरला. पंत खुर्चीवर, सत्तेचाळीस जण भोवती दाटीवाटीने, उपरणे मध्ये आरोपीसारखे. सुश्रुतने आपला कोरा रुमाल बळी दिला. त्यावर हळदीचा ठिपका दिला आणि साबण चोळला, ठिपका तांबडा.

"ही हातचलाखी झाली," पंत म्हणाले.

"मग आता तुमच्याच उपरण्यावर बघू. बकुळ, लिंबू तू पिळ."

बकुळ हलेना. "मैं नहीं. और बिगड़ गया तो?"

"ते बिगडलंच आहे गं. आणखी काय बिगडणार?"

पंत खाकरले. बकुळ उठली, पुढे आली आणि तिने लिंबू पिळले. डागांची तांबडाई मावळत गेली आणि पिवळेपण वर आले, आणि पिवळेपण आले तो आकारही आला. चार बोटे आणि एक अंगठा. बकुळने आपला पंजा त्यावर धरिला, तो त्या ठशाचा निम्मा भागही भरेना. मग सत्तेचाळीस जोडी डोळे हळूहळू वळले आणि खुर्चीचे हातावर पसरलेल्या पंतांचे पंजावर येऊन स्थिरावले. पंतांनी पंजा खिशात घातला.

बाईंस समजले. धन्यास चारचौघांत नागवे करणे हे शहाण्या मुत्सद्द्याचे काम नव्हे, म्हणोन त्यांनी झटकन म्हटले, "चला, झालं, दोष कोणाचा नाही, वर्गात चला."

"पर सर," बकुळ म्हणाली, "ये पीला आया कहाँ से?"

प्रश्न बरोबर होता. ऐसे प्रश्न विचारावे म्हणोनच बाईंनी सारी उठाठेव केली होती, आता त्यांनीच तो कैसा दाबावा? पूजेची हळद म्हणावे तर कोणी हरकत घेता ना. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती, पुरावा आयता होता. पंतांनी समोरील मुलीकडे पाहिले. शिक्षेचा कागद अजून तिचे मुठीत होता.

"कचौड़ी," पंत म्हणाले.

कोणास काही कळेना.

"सुबह. गली के मोड़ पर. कचौड़ी-सब्जी. दो." मग आवाज आणखी खाली गेला. "चार. डॉक्टर ने मना किया है, घर में भी मना है. हाथ पोंछने को कुछ मिला नहीं." आणि खुर्चीवरून उठोन, ज्या पंतांनी तीस वर्षांत कोणापाशी चूक कबूल केली नव्हती, ते म्हणाले, "बकुळ, गलती मेरी थी. कागद दे इकडे."

त्यांनी तो कागद घेतला आणि स्वहस्ते चार तुकडे केले. प्रथम कोणी हसेना. मग बकुळलाच हसू फुटले आणि तिचे मागोमाग ऐसा गडगडाट जाहला की, पंतही त्यात वाहोन गेले. ही बातमी पंतांचे कुटुंब इंदूताई यांचे कानी जाऊ नये म्हणोन अवघ्या सातवीने विद्येची शपथ घेतली. शपथ शाळेचे फाटकापर्यंत टिकली. संध्याकाळी पंतांस घरी उकडलेला दुधी वाढला गेला आणि त्याविषयी कोणी कोणास काही विचारले नाही.

पुढील गुरुवारी सातवीचा प्रयोग पुन्हा मांडिला. पंत स्वतः आले, हाती पित्तावरील पांढऱ्या पातळ औषधाची बाटली. आपण वडील, म्हणोन थेट मेजापाशी गेले.

"सर," बकुळ म्हणाली, "लाइन में आइए."

पंत मागे गेले, रांगेचे शेवटास उभे राहिले आणि अठ्ठेचाळिसावा नंबर घेऊन अर्धा तास मुकाट तिष्ठले. नंबर येताच औषधाचा थेंब कागदावर टाकिला. कागद तांबडा जाहला, आणि छप्पन्न वर्षांचे पंत व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल ऐसे ओरडले, "झाला! बाई, बघा, माझाही झाला!"

ऐशी ही मोहीम सातवीने फत्ते केली. जखमी कोणी नाही. कामास आले लिंबे एकोणतीस, रुमाल एक, साबणाची वडी दीड. बाईंची सनद पंतांनी मार्चाची वाट न पाहता स्वदस्तुरे कायम केली. हे वर्तमान आंखोदेखी, मुक्काम काशी येथे नमूद जाहले असे.