अण्णागुरूंच्या सहा चुका

अण्णागुरू हॅशटॅगसुद्धा स्वरात म्हणतात.

सकाळी अंघोळ झाली की ते खोलीच्या मधोमध उभे राहतात. डाव्या हातात मोबाईल, उजवा हात स्वराबरोबर वर, खाली, आडवा. त्या दिवशी जी पोस्ट टाकायची असेल ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या चिन्हापर्यंत खणखणीत आवाजात म्हटली जाते. हॅशटॅगला ते 'जाळी' म्हणतात. "जाळी, किताबें. जाळी, बचपन. जाळी, एक कहानी रोज." मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. घड्याळाचा गजर लावणं मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं.

लहानपणी अण्णा काशीतल्या ब्रह्मा घाटाकडच्या एका वेदपाठशाळेत तीन वर्षं होते. प्रत्येक ऋचेचा अर्थ विचारायची सवय असल्यामुळे गुरुजींनी त्यांना प्रेमाने घरी पाठवलं. ऋचा विसरल्या, हात तेवढा राहिला. पुढे त्यांनी एका छापखान्यात शाळेच्या हिंदी पुस्तकांची प्रुफं तपासली. छापखाना बंद पडल्यावर ते मोबाईलकडे वळले. आता मुलांना वाचायला लावणाऱ्या तीन संस्थांचा प्रचार ते घरबसल्या करतात. त्यांचं खरं नाव नरहर. दूधविनायक मोहल्ल्यातली मराठी घरं त्यांना अण्णा म्हणतात आणि बाकीचं बनारस सगळ्यांनाच गुरू म्हणतं, म्हणून अण्णागुरू.

दुसरं काम ते घेत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी असलेला साडीवाला एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आमच्याही दुकानाचं काही मोबाईलवर करा म्हणाला. अण्णांनी पेढा खाल्ला आणि सांगितलं, "भैया, आपकी साड़ी कोई पढ़ता नहीं." साडीवाला अजून याचा विचार करतो आहे.

त्यांचे नियम कडक आहेत. संस्थावाले पुष्कळदा केविलवाण्या चेहऱ्याच्या मुलांचे फोटो पाठवतात. मोठे डोळे, विस्कटलेले केस, हातात पुस्तक. अण्णा ते परत धाडतात. "पोराच्या हाती पुस्तक आहे आणि पोरगं रडतंय, म्हणजे पुस्तकच खराब आहे. पुस्तक बदलून फोटो घ्या." आणखी एक नियम म्हणजे राहुकाळात पोस्ट टाकायची नाही. पुण्याच्या संस्थेतल्या सायलीने त्यांना कळवलं होतं की मंगळवारी दुपारी साडेतीनला सगळ्यात जास्त लोक मोबाईल बघतात. अण्णांनी उत्तर दिलं, "बघू द्या. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ आहे. लोकांनी तेव्हा मोबाईल बघू नये हे उलट आपण त्यांना सांगायला पाहिजे."

फॉलोअरला ते यजमान म्हणतात. चार यजमान वाढले की गल्लीत सांगतात आणि एखादा कमी झाला की जेवत नाहीत. एकदा कुणी तरी निघून गेलं, तर त्याला शोधून यांनी निरोप पाठवला, "आमच्याकडून काही कमी राहिली काय?" तो माणूस घाबरून परत आला.

मी सांगलीचा. बँकेने बदली केली म्हणून काशीला आलो. माझी हिंदी म्हणजे मराठीला शेवटी 'है' लावायचं, एवढीच. ती सुधारावी म्हणून मी आल्याबरोबर जाहीर करून टाकलं होतं की इथे मी सगळ्यांशी हिंदीतच बोलणार. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्याशी मराठीतच बोलत राहिले. म्हणजे त्यांच्या मराठीत. "तुम्ही बँकेतून लौटलात काय?" "मी तर कधीपासून सोचत होतो, तुम्हाला चहाला बोलवावं." मला गंमत वाटायची. मी हिंदीत उत्तर द्यायचो. जिन्यात आमचं संभाषण असं उलटसुलट चालायचं आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

मग पुण्याच्या संस्थेने त्यांना पहिल्यांदा मराठी काम दिलं. तोवर ते फक्त हिंदी करत होते. आपल्या भाषेत लिहायला मिळणार म्हणून अण्णा दोन दिवस जमिनीवर नव्हते. नवा कुर्ता काढला. संस्थेची ओळख करून देणारी पोस्ट लिहिली, हातवारे करून तीनदा म्हटली, पंचांग पाहिलं आणि टाकली. ती अशी होती:

"आमची संस्था पंधरा वर्षांपासून खेड्यातील मुलांना शिक्षा देण्याची चेष्टा करीत आहे. आपणही सहयोग द्यावा."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. अण्णांच्या घरात तीन पिढ्या असंच बोललं जात होतं. महाराष्ट्राला मात्र हे माहीत नव्हतं. पोस्ट चार तास राहिली. खाली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, "आम्ही चेष्टा केली नाही, मनापासून दिली." एका आईने विचारलं, "घरी येऊन देता का? माझे दोन आहेत." कुणी तरी प्रवेशअर्ज मागितला.

मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत ते वाचलं आणि डबा तसाच ठेवून हसलो. संध्याकाळी तडक अण्णांच्या खोलीत गेलो, ती पोस्ट त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवली आणि पुन्हा हसलो. पोट धरून हसलो, खोटं कशाला सांगू.

"यात हसण्यासारखं काय आहे?" अण्णांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

"घरी आम्ही असंच बोलतो," ते म्हणाले.

पुण्याने त्यांना काढलं नाही. उलट संस्थेचं नाव पहिल्यांदाच इतक्या लोकांपर्यंत गेलं होतं. पण अट घातली. यापुढे प्रत्येक मराठी मजकूर आधी मंगलाताईंकडे जाईल. मंगलाताई म्हणजे पुण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, संस्थेचं काम हौसेने करणाऱ्या. त्या रोज सकाळी आठला फोन करून चुका सांगतील. तीन महिन्यांत चुका थांबल्या नाहीत, तर मराठी काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं जाईल.

त्याच सुमारास अण्णा माझ्याशी हिंदीत बोलू लागले. "आइए साहब." "चाय लीजिए." माझी हिंदी सुधारावी म्हणून हे करताहेत, असं मी धरून चाललो. मनातल्या मनात आभारही मानले.

मंगलाताईंचा फोन अण्णा स्पीकरवर घेत. बाईंचा आवाज चौथीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता, त्यामुळे माझ्या खोलीत तो सहज यायचा. "अहो नरहरराव, 'मी सोचतो' नाही हो! 'मी विचार करतो'! किती वेळा सांगायचं?"

"हो, ताई."

"आणि हे 'मुलं खेळून राहिली आहेत' कुठून आणलंत?"

"चुकलं, ताई."

मग बाई व्याकरणावरून घसरून कोथिंबिरीच्या वड्यांवर जायच्या, तिथून त्यांच्या कुण्या वर्गातल्या वात्रट मुलावर, तिथून परत विभक्तीवर. मी दाढी करून, डबा भरून खाली उतरायचो तेव्हाही अण्णा मान खाली घालून ओरडा खात असायचे. त्यांची मला दया यायची. साठीला आलेला माणूस, आणि महिना उलटला, दोन उलटले तरी चुका काही कमी होईनात.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांच्या मोबाईलने मान टाकली. दुरुस्तीच्या दुकानातून त्यातला मजकूर पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ते वर आले. "साहब, आपके कंप्यूटर से भेज दीजिए." मी पेन ड्राइव्ह लावला. आत एकाच मजकुराच्या दोन फाइली होत्या. एकीचं नाव 'शुद्ध'. दुसरीचं नाव 'ताईंसाठी'.

मी आधी 'शुद्ध' उघडली. सोपं, स्वच्छ, गोड मराठी. मला तसं लिहिता येणार नाही. मग 'ताईंसाठी' उघडली. मजकूर तोच, फक्त ठरावीक अंतरावर सहा चुका पेरलेल्या.

"अण्णा, ये क्या है?"

एखादा हिशोबनीस सांगेल तसं त्यांनी सांगितलं, "छह गलती में चालीस मिनट होते हैं. दो रखो तो ताई दस मिनट में निपट जाती हैं."

मला अजून कळलं नव्हतं.

"आई थीं तब तक घर में मराठी थी," ते म्हणाले. "चार साल हुए. भाई के बच्चे हिंदी बोलते हैं, अच्छे बच्चे हैं. पर मराठी में डाँटने वाला कोई बचा नहीं."

माझ्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. या घरात, यांच्या डोक्यावर, एक अख्खा मराठी माणूस राहत होता. तो पोट धरून हसला होता आणि त्या दिवसापासून हे त्याच्याशी मराठी बोलायचे थांबले होते. मला फार लाज वाटली. तसं म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "फिर अब? सोमवार को मुदत खत्म होती है ना?"

"शुद्ध भेजेंगे तो फोन बंद," अण्णा म्हणाले. "अशुद्ध भेजेंगे तो काम बंद. यही सोच रहे हैं."

त्या दिवशी त्यांनी मला 'ताईंसाठी'च पाठवायला लावली. सोमवारचा मजकूर अजून राहिला होता.

निकाल लागला तो रविवारी. सायलीने खेड्यातल्या एका शाळेतला व्हिडिओ पाठवला होता. अण्णांच्या मोबाईलचं काही खरं नव्हतं, म्हणून तो आम्ही माझ्याकडे बघितला. दुसरी-तिसरीतली एक मुलगी अण्णांनी मागे संस्थेसाठी लिहिलेलं वाचनाचं कार्ड वाचत होती. एकेका शब्दाखाली बोट, आवाज असा मोठा की सगळ्या गावाला कळावं. "रोज एक पुस्तक खोलून बघा." ती थांबली. "बाई, खोलून म्हणजे?"

अण्णा खुर्चीत ताठ झाले. पुस्तक खोलणं हे हिंदी, मराठीत आपण ते उघडतो. त्या कार्डात पेरलेल्या सहांपैकी ताईंना पाचच सापडल्या होत्या. सहावी छापून शाळेत जाऊन पोचली होती.

व्हिडिओतल्या बाई गोंधळल्या नाहीत. "खोलून म्हणजे खोल जाऊन. नीट, आतपर्यंत बघायचं." मुलीने मान हलवली आणि डोकं पार कार्डात घातलं.

मी म्हटलं, "अच्छा अर्थ निकाला." मला खरंच तसं वाटलं होतं. अण्णांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. पाचव्यांदा बघून झाल्यावर ते म्हणाले, "बच्ची ने सही पढ़ा. हमने गलत लिखा." आणि खाली निघून गेले.

सोमवारी त्यांनी 'शुद्ध' पाठवली. त्याच दिवशी पुण्याहून उत्तर आलं. एकही चूक नाही, मनापासून अभिनंदन, मराठी काम तुमच्याकडेच राहील, आता तपासणीची गरज उरली नाही. अण्णांनी उत्तर मला दाखवलं. मी 'अच्छा है' म्हणालो. ते म्हणाले, हाँ, अच्छा है.

मंगळवारी सकाळी मी आठला पाच कमी असताना खाली उतरलो. अण्णांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते अंघोळ करून, इस्त्रीचा कुर्ता घालून बसले होते. दुरुस्त होऊन आलेला मोबाईल समोरच्या पाटावर होता. आठ वाजले. आठ वाजून दहा झाले. मोबाईल तसाच होता. अण्णांनी एकदा तो उचलून आवाज बंद तर नाही ना हे बघितलं आणि परत ठेवला.

मी चपला काढून आत गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"अण्णा, आई तुम्हाला कशावरून ओरडायच्या?"

आल्यापासून इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं मराठी वाक्य होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"छोड़िए साहब. आपको बैंक की देर होगी."

"होऊ दे."

बाहेर गल्लीतून कुणी तरी 'गुरू, गुरू' करत गेलं, त्यालाही त्यांनी ओ दिली नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हसणार तर नाही ना?"

"नाही हो."

"मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन," अण्णा सांगू लागले. "आईने मला दही आणायला भेजलं."

ही चूक त्यांनी मुद्दाम केली की खरोखरची झाली, ते मला समजलं नाही.

"भेजलं नाही, अण्णा," मी म्हटलं. "पाठवलं."

"पाठवलं," ते म्हणाले, मान डोलावली, आणि मांडी नीट घालून पुढे सांगू लागले.