पितळेचे चार स्क्रू

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली, की त्यांतला एक झिजतो आणि दुसरा लखलखीत राहतो. हा निसर्गनियम असल्यामुळे त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. खात्याला नेमकं हेच खुपत होतं.

म्हणून पाणीपुरवठा खात्याने एक पुस्तिका काढली: 'वायरिंगच्या पाइपांत भिन्न धातूंचा संपर्क टाळणे'. पानं बासष्ट. लिहिली तांत्रिक शाखेतल्या वयस्कर टिपणिसांनी. ऑफिसात त्यांना वॉशरकाका म्हणत, कारण 'मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर घालावा' हे वाक्य तिच्यात चौतीस वेळा आलं होतं. (पस्तिसावं मुद्रितशोधकाने काढलं. काकांना ते अजून लागून आहे.) एक्केचाळीस कर्मचाऱ्यांनी 'वाचले' असं लिहून सह्या केल्या. चौघांनी तर पुस्तिका हातात येण्याआधीच केल्या, यावरून विषयाची निकड कळते.

पुढे पुस्तिकेचं सार पाटीवर कोरून पंपघरात लावायचं ठरलं. जागा एकच होती, वायरिंगच्या पाइपांवरचा ॲल्युमिनियमचा डबा. स्क्रू गंजून पाटी पडू नये म्हणून काकांनी पितळेचे चार स्क्रू मंजूर केले.

पंपघर बारा महिने ओलं. वर्षभरात 'भिन्न धातू एकमेकांना टेकवू नयेत' ही अक्षरं तशीच चकचकीत राहिली आणि स्क्रूंभोवतीचा डबा पांढरी भुकटी होऊन गळला. अर्थिंगची तार त्यांतल्याच एका स्क्रूखाली दाबलेली होती. तीही सुटली. एका सकाळी पंपवाल्याने डब्याला हात लावला आणि शॉक बसून तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला.

जीव बचावला, मनगट मोडलं. चौकशी समितीने पहिल्याच दिवशी शोध लावला की, पंपवाल्याचे हात ओले होते. (कोरड्या हाताने पंप चालवणारा माणूस समितीतही कोणी पाहिला नव्हता.) नोकरी जायला एवढं पुरेसं होतं. अहवाल लिहायचं काम काकांकडे आलं.

काकांनी घरी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, तुमच्या पुस्तकात पितळ कितीदा आलंय?"

"एकोणतीस."

"आणि स्क्रू मागवताना एकदाही आठवलं नाही?"

"तेव्हा मी पाटीचा विचार करत होतो."

"आता त्या माणसाचा करा. तोंडाने सांगवत नसेल तर लिहा. तेवढं तर येतं तुम्हाला."

काकांनी लिहिलं. 'स्क्रू मी मंजूर केले. दोष माझा आहे. पंपवाल्याचा नाही.' एवढ्याला चार दिवस लागले. मग ही वाक्यं फारच उघडी दिसतात असं वाटून त्यांनी मागेपुढे कोष्टकं आणि संदर्भ घातले. वाक्यं सतराव्या पानाच्या तळाशी गेली. (एवढा जाड वॉशर पुस्तिकेतही सुचवलेला नव्हता.)

अहवाल फिरला. एक्केचाळीस सह्या आल्या. काका आठवडाभर साहेबांच्या बोलावण्याची वाट पाहत बसले. बोलावणं आलं नाही, आदेश आला. पंपवाला कामावरून कमी. नव्या डब्यावर नवी पाटी, 'ओल्या हाताने स्पर्श करू नये'. स्क्रू पितळेचे, आधीच्या मंजुरीनुसार.

जाताना पंपवाला काकांच्या टेबलाशी आला.

"काका, नव्या पाटीच्या स्क्रूंना सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून आलोय. पुस्तकात चालतं का, बघून सांगा."

"तुम्ही पुस्तिका वाचलीत?"

"गठ्ठा पंपघरातच पडला होता. मला सही कोणी मागितली नाही, म्हणून वाचावी लागली."

काका चष्मा पुसत राहिले. उठून साहेबांकडे जावं, असं त्यांच्या मनात आलं. सतराव्या पानावर लिहिलेलं आहेच, हेही आलं. ते बसून राहिले.

सह्यांच्या कागदावर रकाने बेचाळीस आहेत. एक अजून रिकामा आहे. आपण इथवर वाचलंत, पंपवाल्याबद्दल वाईटही वाटून घेतलंत. आपल्या जिन्याखालच्या मीटरच्या डब्याचे स्क्रू कशाचे आहेत, हे पाहायचं राहिलं. तेव्हा इथे सही करून टाका, म्हणजे उठायला नको.