बेचाळिसावा खेळ

जगातली प्रत्येक वस्तू पूर्वी चांगली होती, हे सर्वमान्य सत्य आहे. पूर्वीचं पाणी गोड होतं, पूर्वीचे मास्तर मारकुटे पण मनाने चांगले होते, आणि पूर्वीचा जिल्हा ठाणे होता. दोन हजार चौदा साली पालघर वेगळा झाला, तेव्हा "ठाण्याची सर नाही" असं डहाणूच्या धोंडू राऊताने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. (नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तोवर खुर्च्याही लागल्या नव्हत्या.)

त्याच झपाट्यात त्याने 'डहाणू तालुका अभिजात संगणक-खेळ संरक्षण मंडळ' काढलं. अध्यक्ष धोंडू, चिटणीस त्याचा शाळेपासूनचा मित्र ओंकार. तिसरा सभासद मिळाला नाही, त्यामुळे मंडळात आजवर फूट पडलेली नाही. कचेरी धोंडूच्या चिकूच्या वखारीमागच्या खोलीत.

मंडळाचा विषय भूमिकेचे खेळ. म्हणजे संगणकावर आपण कुणी योद्धा व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि घरचं एक काम न करता परक्या मुलखातल्या सगळ्यांची कामं करून द्यायची. नव्याण्णव साली धोंडू आणि ओंकारने वापीच्या एका दुकानातून असा एक खेळ आणला होता. ते त्याला 'काळा किल्ला' म्हणत. त्यानंतर जगात जे काही निघालं ते भुसकट, यावर मंडळाचं एकमत आहे.

कारणं मंडळाने लेखी नोंदवली आहेत. नव्या खेळात कुठे जायचं ते बाण दाखवतो. काळ्या किल्ल्यात धोंडू एका जंगलात तीन आठवडे हरवला होता, याला खोली म्हणतात. नव्या खेळातली माणसं स्पष्ट बोलतात. काळ्या किल्ल्यातलं इंग्रजी दोघांना शेकडा चाळीस कळायचं आणि उरलेले साठ ते पदरचे घालायचे, याला गूढता म्हणतात. शिवाय वीज गेली की तेव्हा आठवड्याचा पराक्रम पुसला जायचा. आता सगळं आपोआप जपून ठेवलं जातं. अशाने पोरांना वैराग्य कुठून येणार?

पण खरी थोरवी शेवटाची. काळ्या किल्ल्याच्या शेवटी योद्धा एका लोखंडी दारापाशी येतो आणि दार उघडत नाही. काही केल्या नाही. दोघांनी अकरा महिने प्रयत्न केला. मग एके दिवशी धोंडूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हाच शेवट! माणसाने आयुष्यभर लढावं आणि शेवटी दार बंदच असावं. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणतात. (त्या खेळाच्या सीडी दोन होत्या. दुकानदाराने एकच दिली होती. हे मंडळाला ठाऊक नाही, आणि सांगायला जाण्याची कुणाची छाती नाही.)

स्थापनेपासून दोन हजार सतरापर्यंत मंडळाने एक्केचाळीस नवे खेळ तपासले. नापास, एक्केचाळीस. खेळून पाहिले, शून्य. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. मंडळाला शीतही लागत नसे. यात आळस नव्हता, व्यवसायाची शिस्त होती. धोंडूच्या घराण्यात तीन पिढ्या चिकूची निवड चालते. फळ हातात घ्यायचं, अंगठ्याने जरा दाबायचं, आणि पहिला नंबर, दुसरा नंबर किंवा बारका अशा करंडीत टाकायचं. कापून कुणी बघत नाही. खेळांचंही तसंच. जाहिरातीतलं चित्र बघायचं, नाक मुरडायचं, टाकायचं बारक्यात.

अशा या मंडळापुढे बेचाळिसावा खेळ आला तो आशागडहून, धोंडूच्या बहिणीच्या घरून.

धोंडूची भाची हिरकणी. मामाच्या मांडीवर बसून काळ्या किल्ल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली. एकोणिसाव्या वर्षी, जुन्या लॅपटॉपवर दोन वर्षं खपून, तिने स्वतः एक खेळ बनवला. त्यात एक बाई विवळवेढ्याहून निघते, हायवेने गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडपर्यंत जाते, ट्रकांच्या रांगेतून वाट काढते; वाटेत कुणाशी काय बोलायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. हेच शिकायला तिला पुण्याला जायचं होतं. तिची आई नूतन म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही बाई. मामाला कळतं. मामा चांगलं म्हणाला तर पाठवते, नाही म्हणाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

झालं. पोरीचं पुणं मामाच्या अंगठ्याखाली आलं.

हिरकणीने पेनड्राइव्ह आणून दिला. धोंडूने तो हातात घेतला, उलटसुलट केला, जरा दाबला.

"मामा, एकदा लावून तरी बघ ना," ती म्हणाली.

"चिकू कापून बघायला लागलो तर व्यापाऱ्याला काय साली पाठवू?"

"हा चिकू नाही, मामा."

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी," धोंडू म्हणाला. त्याने तो कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि चौकशी सुरू झाल्याची नोंद केली.

ओंकार मात्र मऊ काळजाचा. त्याने चावी मागून घेतली आणि तीन रविवार बसून खेळ पुरा केला. चिटणिसाने मत द्यायचं नाही असा मंडळाचा नियम असल्यामुळे त्याने फक्त वस्तुस्थिती सांगितली. "धोंड्या, शेवटी एक दार येतं. ते उघडत नाही."

"उघडत नाही? मग अर्धवट आहे!" धोंडूने शेरा मारला: अपूर्ण. नापास.

निकाल ऐकायला हिरकणी वखारीत उभी होती. तिचा चेहरा पडला. "अरे मामा, तो शेवट मी तुझ्याकडूनच घेतला! लहानपणी तूच सांगायचास ना?"

धोंडू समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाळा, तिथे दार उघडत नव्हतं यात अर्थ होता. तुझं उघडत नाही यात चूक आहे. फरक ओळखायला वय लागतं."

ओंकारने खाली बघत नोंदवही मिटली. त्याला खूप वाईट वाटलं, पण इतिवृत्तात वाईट वाटण्यासाठी रकाना नव्हता.

नूतन शब्दाची पक्की. पुणं बारगळलं. हिरकणी अच्छाडला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या टपरीत संगणकावर ट्रकांचे कागद तयार करू लागली. पुन्हा तिने खेळ बनवला नाही, मामाकडेही फारशी आली नाही. धोंडूला ते मनापासून लागलं. "आजकालच्या पोरांत चिकाटी नाही," तो ज्याला त्याला सांगे.

दोन हजार एकोणीस साली मंडळाने नवा संगणक घेतला. कपाट आवरताना तो पेनड्राइव्ह निघाला. ओंकारने लावून पाहिला आणि म्हणाला, "या मशीनवर हा चालतच नाही रे. आता कुणालाच खेळता येणार नाही."

धोंडू गहिवरला. "काय खेळ होता!" तो म्हणाला. "असे आता होत नाहीत." तिथल्या तिथे ठराव झाला. हिरकणीचा खेळ अभिजात ठरला, आणि तिला बोलावून शाल-नारळ देण्यात आला. "दुसरा का नाही गं केलास?" मामाने भाषणात कौतुकाने विचारलं. तिने नारळ खुर्चीवर ठेवला आणि कामाला उशीर होतो म्हणून निघून गेली.

आता वाचकहो, तुम्ही धोंडूवर चिडला असाल. बरोबरच आहे. न बघता निकाल लावणारा माणूस! एवढा चांगला खेळ त्याने मातीत घातला, गुणी पोरीचं पुणं बुडवलं, असंच म्हणत असणार तुम्ही.

पण खेळ चांगला होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? ओंकारने मत दिलं नाही, आणि आम्ही तर तो पाहिलाही नाही. मंडळात तिसऱ्या सभासदाची जागा अजून रिकामी आहे. पत्ता वर दिलाच आहे, तुमची परीक्षा घेण्याची गरज नाही.