चुण्यांचा फिल्टर

"मेकॅनिक? आणि मला? अगं, एका दिवसात चाळीस स्कर्ट उरकणारा माणूस मी! मला गाडीतनं वारा काढता येणार नाही?"

असं बायकोला म्हणत मास्तरांनी बाह्या सरसावल्या. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्कर्टच्या चुण्या तर अशा, की पट्टी लावून बघा, सुताचा फरक सापडायचा नाही! पण या कौतुकानं त्यांना एक खोड जडली होती. जगात काहीही बिघडलं तरी त्यांना त्यावर कापडाचाच इलाज सुचायचा. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला त्यांनी झकास पट्टी शिवून बांधली होती. नळ अजून गळतोय.

यावेळी प्रकरण मात्र गंभीर होतं. गाडी सासऱ्यांची. सासरे निवृत्त स्टोअरकीपर. वस्तू देतील, पण तिच्यावरची नजर काढणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती थोरल्या जावयाला, म्हणजे मास्तरांना, 'वापरायला' दिली होती. गेल्या आठवड्यात धाकटे जावई, म्हणजे मास्तरांचे साडू, त्या गाडीत जेमतेम पंधरा मिनिटं बसले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी सासऱ्यांचे कान भरले, "बाबा, एसीतनं फुंकर मारल्याइतकासुद्धा वारा येत नाही हो!"

झालं! सासऱ्यांचा फोन आला. "रविवारी चारला येतो. चक्कर मारू. वारा नीट आला तर गाडी तुमच्या नावावर. नाही आला तर धाकट्याकडे." गाडी गेली असती तर मास्तरांना पुन्हा गणवेशांचे गठ्ठे स्कूटरवर लादून शाळाशाळांतून फिरावं लागलं असतं, आणि साडू त्याच गाडीतून काच खाली करून हात हलवत गेले असते. गठ्ठ्यांपेक्षा तो हात मास्तरांना जास्त छळत होता.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीतला पुढचा खण उचकटला. मागे एक चपटी खाच होती आणि तिच्यात एसीचा फिल्टर. ओढून काढला तर त्यावर धुळीची अशी गोधडी, की खालचा कागद दिसेना!

"सापडला चोर!" मास्तर ओरडले आणि त्यांनी तो थेट साबणाच्या पाण्यात बुडवला.

"अहो, कागद आहे तो!" बायको म्हणाली.

"माणूस मळका असला की आंघोळच घालतात ना?"

दहा मिनिटांनी बादलीत नुसता लगदा उरला. रविवार असल्यामुळे दुकानं बंद. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. मास्तरांनी लगद्यातून उरलेली चौकट उचलली, टेपनं मापली आणि मशीनवर जाऊन बसले.

"काय करताय?"

"त्या फिल्टरमध्ये होतं काय? चुण्याच ना? चुण्या मला शिकवणार का ते?"

निळं जाड कापड, दुहेरी. छत्तीस चुण्या, एकेक इस्त्रीनं बसवलेली. तासाभरात असा फिल्टर तयार झाला की मुलीनं कमरेला बांधून शाळेत जावं! खाचेत तो इतका चपखल बसला की मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी पंखा चारवर केला.

वारा? नावाला नाही! जाळीपुढे दोरा धरला तर तो जागचा हलेना.

"तुमच्या कापडातनं वारा जाईल कसा?" बायको म्हणाली. "मुलींना थंडी वाजू नये म्हणून आणता ना तुम्ही ते?"

तेवढ्यात फाटक वाजलं. पावणेचार! सासरे पंधरा मिनिटं आधीच आले होते. मास्तरांनी फिल्टर उपसून मागच्या सीटवर भिरकावला, खण कसाबसा लावला आणि हसतमुखानं दार उघडून उभे राहिले. मनात म्हणाले, फिल्टरच नको, वारा मोकळा!

सासरे पुढे बसले. पांढराशुभ्र शर्ट, कोरलेली मिशी, हातात वाऱ्याची परीक्षा घ्यायला कागदाची पट्टी. मागे कानाला मफलर गुंडाळलेल्या सासूबाई, बायको, आणि काही काम नसताना आलेले साडू.

"चालू करा," सासरे म्हणाले.

मास्तरांनी पंखा एकदम चारवर नेला. वारा सुटला! पट्टी सासऱ्यांच्या हातातून निसटून उडाली! मास्तरांची छाती फुगली. पण गाडीच्या तळाशी दोन वर्षांची कातरणं, दोरे आणि निळ्या खडूची भुकटी साठली होती. ती सगळी पंख्यानं आत ओढली आणि जाळीतून सासऱ्यांच्या तोंडावर फेकली!

सासऱ्यांची मिशी निळी झाली. एक दोरा नाकात गेला. ते सात वेळा शिंकले.

"बाबा, मी म्हटलं नव्हतं?" साडूंना उकळ्या फुटत होत्या.

"बंद करा!" मागून आवाज आला. बोलल्या होत्या सासूबाई. "कानात वारं शिरलं माझ्या! आणि हे काय टोचतंय खाली?" त्यांनी सीटवरून निळा फिल्टर उचलला.

"यांनी शिवलाय," बायको वैतागून म्हणाली. "तो बसवला की वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही!"

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही!"

"मग तो बसवा," सासूबाई म्हणाल्या. "बारा वर्षं यांच्या गाडीत माझं डोकं धरतंय. कुणाला सुचलं नाही, शिंपी जावयाला सुचलं. गाडी थोरल्यांकडेच राहील."

सासऱ्यांनी नाकातला दोरा ओढून काढला आणि मान हलवली. स्टोअर त्यांचं असलं तरी घरातली शेवटची सही सासूबाईंची असायची. साडूंचं हसू जागच्या जागी विरलं.

गाडी मास्तरांच्या नावावर झाली. अट एकच, दर रविवारी सासूबाईंना फिरवून आणायचं. परवाचीच गोष्ट. काचा बंद, एसी चारवर, सासरे घामानं निथळताहेत, मास्तरांच्या हातातून स्टिअरिंग घसरतंय. मागे सासूबाई शाल पांघरून मजेत बसलेल्या.

"आता कसं बरं वाटतंय!" त्या म्हणाल्या. "फक्त जावईबापू, त्या फिल्टरला आतून जरा अस्तर लावता येईल का हो? डाव्या बाजूनं अजून थोडं वारं लागतंय."