रिकाम्या खुर्चीचं व्यवस्थापन

दाताच्या दवाखान्यात सर्वांत जास्त ताण रुग्णाला येतो, हा समाजात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. रुग्णाला निदान ओरडता तरी येतं. डॉक्टरांना मात्र हसऱ्या आवाजात 'झालंच हं आता' म्हणत राहावं लागतं (आणि काहीच झालेलं नसतं).

आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर या ताणापायी झोपेत दात खाऊ लागले आणि एके दिवशी त्यांची स्वतःचीच दाढ तडकली. काउंटर सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोने स्पष्ट सांगितलं, "दवाखान्याचं काहीतरी करा. उद्या तुमची कवळी धुवायला मला वेळ नाही." मग तिनेच आपल्या भावाला बोलावलं. त्याने व्यवस्थापनाचा कोर्स केला होता, त्यामुळे तो मोकळाच होता.

मेहुण्याने सोफ्यावर बसून शास्त्रशुद्ध पाहणी केली. खुर्चीत रुग्ण असताना डॉक्टरांचा ताण शंभर टक्के. खुर्ची रिकामी असताना शून्य. विसरलेली छत्री न्यायला आलेल्या गृहस्थांमुळे बावीस टक्के (तेही त्यांनी बोलायला तोंड उघडलं म्हणून). रोगाचं मूळ सापडलं होतं. पण रुग्णांना नाही म्हणणं असभ्य, म्हणून वेळ रद्द करायला कोणाचा फोन आला की त्यांना फक्त समजून घ्यायचं ठरलं.

"ताई, उद्याची वेळ घेतली होती, पण घरी पाहुणे आलेत हो."

"मग राहू द्या की! दुखतंय का फार?"

"थंड प्यायलं की जरासं."

"मग कोमट प्या. सवडीनं या."

पलीकडून येणारा सुटकेचा निःश्वास इतका मनापासूनचा असे, की काउंटरवरच्या बाईंना समाजसेवेचं समाधान लाभू लागलं. रुग्णांच्या समाधानाचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेलं. (उरलेल्या दोन टक्क्यांचं खरोखर दुखत होतं. त्यांची नोंद 'उतावळे' अशी केली आहे.) डॉक्टरांच्या गालांवर लाली आली, ते शब्दकोडी सोडवू लागले.

राहता राहिली तडकलेली दाढ. स्वतःची दाढ स्वतःला दुरुस्त करता येत नाही, म्हणून बायकोने त्यांच्या वर्गमित्राकडची वेळ घेतली. आता गेलं नाही तर दाढ हातची जाणार, हे डॉक्टरांइतकं कोणाला कळणार? त्या दिवशी सकाळीच त्यांना दवाखान्याचे पडदे फार मळल्यासारखे वाटले. त्यांनी मित्राला फोन केला.

"अरे, आज जरा पडदे धुवायचेत."

"धू की! घाई काय आहे?" मित्र आनंदाने म्हणाला.

दाढ गेली. डॉक्टर आता डाव्या बाजूने जेवतात आणि छान दिसतात.

या यशाचं श्रेय मेहुणा घेतो, ते मात्र मला पटत नाही. हे वाचता वाचता तुमची जीभ आत्ता ज्या दाढेला चाचपून आली, खरं श्रेय तिच्या मालकाचं आहे. डॉक्टर तुमचे मनापासून आभारी आहेत. यायची अजिबात घाई करू नका.