बोरसेकाकूंची जपानी विहीण

बोरसेकाकूंच्या घरी तव्यावरच्या त्या पदार्थाला चुकून कुणी थालीपीठ म्हटलं, की काकू समोरची ताटली उचलून सरळ आत नेतात. माझी कितीदा तरी नेली आहे.

“ओकोनोमियाकी म्हण! काही रीतभात?”

काकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळच्या सटाण्याच्या, काका गेल्यापासून एकट्या. ‘काही रीतभात?’ हा सवाल त्या सगळ्यांना करतात. भुसभुशीत कोबी देणाऱ्या भाजीवाल्याला, मधेच अडकणाऱ्या लिफ्टला, गंगापूर रोडवरच्या खड्ड्यांनासुद्धा. पण त्यांचा खरा राग आहे तो विहीणबाईंवर.

काकूंचा नीलेश नोकरीसाठी ओसाकाला गेला आणि तिथलीच मुलगी पसंत करून आला. लग्न इथे नाशिकला झालं. मुलीची आई मिचिकोबाई, त्याही एकट्याच. आठवडाभर त्या काकूंकडे राहिल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. एका सकाळी काकू उठून बघतात तर मिचिकोबाई ओट्यापाशी उभ्या! कोबी बारीक चिरून, अंडी-मैद्यात कालवून, काकूंच्या बिडाच्या तव्यावर जाडजूड गोळा थापलेला. हीच ती ओकोनोमियाकी.

“माझा तवा! माझ्या घरात! आणि मलाच वाढते!” हे सांगताना काकू आजही लालबुंद होतात.

“कसं लागलं?” मी विचारलं.

“चांगलं लागलं ना! तोच तर संताप!”

तेव्हापासून दर रविवारी काकू ओकोनोमियाकी करतात. जपानात त्यात एक चिकट कंद किसून घालतात म्हणे. काकूंनी त्याऐवजी कोनफळ घातलं. सगळं जांभळं झालं. वरून सुक्या माशाचे पापुद्रे भुरभुरायचे, ते वाफेवर नाचतात. काकूंनी जवळा टाकला.

“नाचतच नाही गं! नुसता पडून राहतो, मेल्यासारखा.”

“मेलेलाच असतो तो, काकू.”

माझी ताटली आत गेली.

परवाच्या रविवारी त्यांचा आरडाओरडा ऐकून मी धावत गेले. दार उघडंच होतं. मिसळणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात मिचिकोबाई दिसत होत्या. इकडे काकू ओकोनोमियाकी उलटत होत्या, तिकडे मिचिकोबाई चक्क थालीपीठ थापत होत्या.

“भोक! मधे भोक पाडा! तेल कुठून सोडणार?” काकू मराठीत ओरडल्या. तिकडून काकूंच्या तव्याकडे बोट दाखवत जपानीत तेवढ्याच जोरात काहीतरी आलं. काकूंनी कालथ्यानं ओकोनोमियाकी दाबली, की मिचिकोबाई कपाळावर हात मारायच्या. दाबायची नसते बहुतेक. मला हसू आवरेना.

“नीलेशदादा आणि वहिनी नाहीत वाटतं तिथं?” मी सहज विचारलं.

काकूंनी गॅस बारीक केला.

“वेगळे झाले ते. वर्ष होत आलं. नीलेश बंगळुरूला असतो आता. ती पोरगी कुठल्या दुसऱ्या गावी गेली.”

मी फोनमधल्या मिचिकोबाईंकडे पाहिलं. “मग या...?”

“मग काय!” काकू उसळल्या. “नीलेशपण हेच म्हणाला. ‘आई, आता कशाला फोन करतेस त्यांना?’ अरे, तुमचं पटलं नाही, तुम्ही मोडलं. आम्हाला विचारलं होतं का कुणी? आमचं कुठं काय बिनसलंय?”

मग आवाज उतरला. “एकटी असते गं ती. रविवारी घरात कुणी बोलायला नको?”

तेवढ्यात मिचिकोबाईंनी आपली ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. थालीपीठ एका बाजूनं करपून काळं झालं होतं. त्या ओशाळून हसत होत्या.

काकूंनी पदराला हात पुसले आणि त्या फोनजवळ वाकल्या.

“करपलं होय? असू द्या,” त्या हळूच म्हणाल्या. “काळं तेवढं काढा आणि गरम आहे तोवर खाऊन घ्या. मी बसते समोर.”